'ढ' हा शब्द आला कुठनं? (मठ्ठ, मंद, ठोंब्या आणि बाकीचे भाऊबंद)

पंचगंगेकाठचा

मंडळी, 'ढ' या शब्दावर धागा काढतोय. अभ्यासात मागं पडणाऱ्या पोराला आपण ढ म्हणतो, आपल्या आई-वडिलांच्या शाळेत म्हणत होते, आणि आजही पालकसभा सुटल्यावर फाटकापाशी उभं राहिलं की कानावर येतंच, "गणितात लई ढ आहे ओ आमचा". तर हा शब्द नेमका कुठला?

सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी की अशोकाच्या काळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून, आपली सगळी अक्षरं बदलत बदलत आजच्या देवनागरीपर्यंत आली, एक ढ तेवढा जागच्या जागी राहिला. म्हणून जो पुढं सरकत नाही तो ढ. शिक्षक वर्गात सांगतात, व्हॉट्सॲपवर दर दोन-चार महिन्यांनी फिरते, आणि ऐकणाऱ्याला लगेच पटते.

अक्षराबद्दलचा भाग खरा आहे. पण शब्द त्यातनं जन्मला हे मला पटत नाही. अशोकाच्या शिलालेखांची लिपी म्हणजे ब्राह्मी, ती जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं वाचून दाखवली १८३७ च्या सुमारास. त्याआधी कित्येक शतकं ही लिपी कुणालाच लागत नव्हती, लेणी दिसली की लोक पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणायचे आणि पुढं जायचे. गौरीशंकर ओझांचा प्राचीन लिप्यांवरचा हिंदी ग्रंथ आला १८९४ मध्ये, त्यात जुन्या लिप्यांचे तक्ते शेजारी शेजारी बघायला मिळाले. म्हणजे गावातल्या पंतोजीला 'ढ बदललाच नाही' हे कळायला आधी हे सगळं व्हायला पाहिजे, मग ते त्याच्यापर्यंत पोचायला पाहिजे, मग त्यानं त्यावरनं पोराला नाव ठेवायला पाहिजे आणि ते नाव महाराष्ट्रभर पसरायला पाहिजे. शब्द असे वरनं खाली क्वचितच येतात. मला वाटतं शब्द आधीपासनं होता आणि लिप्यांचा अभ्यास असलेल्या कुणीतरी ही सुंदर गोष्ट मागनं जोडली.

माझं म्हणणं सांगतो. ढ हा शेताचा किंवा बाजाराचा शब्दच नाही, तो पाटीचा शब्द आहे. बैलाला कुणी ढ म्हणत नाही, मठ्ठ म्हणतात. काम न जमणाऱ्या गवंड्याला कुणी ढ म्हणत नाही. ढ असतो तो गणितात ढ, इंग्रजीत ढ, व्याकरणात ढ. त्या शब्दाला कायम एक विषय चिकटलेला असतो. मठ्ठ माणूस सगळीकडं मठ्ठ असतो, ढ मात्र एका तासाला ढ आणि पुढच्या तासाला पहिला नंबर असू शकतो. आणखी एक बघा, ढ मुलगा, ढ मुलगी, ढ पोरं, काही बदलत नाही. वेडा-वेडी-वेडं होतं, खुळा-खुळी-खुळं होतं, ढ चा ढच. एका अक्षराची विशेषणं मराठीत विरळाच, आणि हे तर मुळाक्षरच्या मुळाक्षर उचलून विशेषण केलंय. असा शब्द मुळाक्षरं घोकणाऱ्या जागीच तयार होणार.

तुमच्या गावात, घरात या अर्थाचे कुठले शब्द आहेत आणि ते नेमके कुणाला लावतात ते लिहा. नुसती यादी नको, कुणाला लावतात ते महत्त्वाचं.

करवीरकर

आमच्यात ढ फक्त शाळेतच. घरात आजी म्हणायची ठोंब्या. "ठोंब्यागत हुबा काय ऱ्हायलास, चूल इझाली न्हवं". म्हणजे ठोंब्या हा अभ्यासाचा नाही, तो हालचालीचा शब्द. जागेवरनं हलत नाही तो ठोंब्या. केळीचा ठोंब असतो ना जमिनीतनं वर आलेला जाडजूड, तेच ते.

आणि मख्ख वेगळा बरं का. मख्ख हा तोंडावरचा शब्द आहे. आतनं हुशार असलेला माणूस सुद्धा मख्ख असतो. आमच्या तालमीत एक वस्ताद होते, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, पोरं म्हणायची मख्ख हाईत, पण समोरच्याचा पट निघायच्या आधी त्यांनी ओळखलेला असायचा.

लिपीवेडी

धागाकर्त्यांशी बऱ्यापैकी सहमत. अक्षरांबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण 'फक्त ढ बदलला नाही' हे वाक्य सुद्धा तपासून घेण्यासारखं आहे.

अशोककालीन ब्राह्मीत क म्हणजे सरळ अधिकचं चिन्ह. ग म्हणजे घराच्या छपरासारखा कोन, खाली उघडा. र म्हणजे नुसती उभी रेघ, कधी थोडी नागमोडी. थ म्हणजे वर्तुळ आणि मध्ये टिंब. यातलं काहीही आजच्या मुलाला दाखवलं तर ओळखणार नाही. ण तर इंग्रजी आय सारखा, वर-खाली आडव्या रेघा, आणि मध्ये खांब.

आता ट वर्गाकडं या. ट म्हणजे उजवीकडं उघडा अर्धगोल. ठ म्हणजे पूर्ण गोल. ढ म्हणजे वरनं उभी रेघ खाली येते, उजवीकडं वळते आणि आत गाठ मारते. आजच्या ट, ठ, ढ वरची शिरोरेघ आणि तो छोटा दांडा बोटानं झाका. काय उरतं? अर्धगोल, गोल आणि गाठ. म्हणजे बदलले नाहीत ते तिघंही, एकटा ढ नाही. ढ ची नक्कल सगळ्यात हुबेहूब आहे एवढं खरं, पण ठ चा गोलही दोन हजार वर्षं गोलच आहे. न बदलण्यावरनंच नाव पडायचं असतं तर ठ ला पण तेवढाच हक्क होता. 'हा मुलगा ठ आहे' असं कुणी म्हणत नाही.

म्हणून ढ च का, याचं उत्तर आकारात नाही, आवाजात शोधायला पाहिजे असं मला वाटतं. ढीग, ढेकूळ, ढोल, ढब्बू, ढेरी, ढम्म, ढिला. जड, गोल, फुगलेलं, आतनं पोकळ किंवा हलायला नाखूष. मराठी कानाला ढ चा आवाजच वजनदार लागतो. संस्कृतात ढ नं सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, ढक्का म्हणजे मोठा नगारा हा त्यातलाच एक, तोही दणदणीतच. मराठीनं मात्र ढ ला अंगणभर जागा दिली.

जुनं_नाणं

लिपीवेडी ताई, तुम्ही ट वर्गाबद्दल लिहिलंत म्हणून राहवेना. तो ढ बघायला अशोकापर्यंत जायची गरज नाही, आपल्या कोल्हापूरच्या नाण्यांवर आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. टाउन हॉलच्या संग्रहालयात जो पोसायडनचा छोटा कांस्यपुतळा आहे, रोमन व्यापाराचा पुरावा म्हणून सगळीकडं छापतात तो, तो याच ब्रह्मपुरीचा. याच भागात सातवाहनकाळातल्या कुर राजांची नाणी सापडली. तीन नावं येतात, वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. एका बाजूला दोरी चढवलेलं धनुष्य आणि त्याला लावलेला बाण, आणि कडेनं गोल फिरणारी ब्राह्मी अक्षरं, 'रञो माढरिपुतस सिवलकुरस'. म्हणजे माढरीच्या मुलाचं, सिवलकुर राजाचं. दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि झाड. दुसऱ्या शतकात ग्रीक लेखक टॉलेमीनं आपल्या भूगोलाच्या ग्रंथात बलेओकुरोस नावाचा राजा लिहिलाय तो हाच विळिवायकुर असं अभ्यासक मानतात.

आता नावं परत वाचा. 'वासिठीपुतस' मध्ये ठ आहे आणि 'माढरिपुतस' मध्ये ढ. एकाच गावच्या नाण्यांवर दोन्ही अक्षरं. ठ चा गोल आणि ढ ची गाठ. रॅप्सननं केलेल्या ब्रिटिश म्युझियमच्या १९०८ च्या नाणेसूचीत यांची चित्रं आहेत, सवड काढून जरूर बघा.

अजून एक मजेची गोष्ट, विषयाला थोडी सोडून आहे पण सांगतोच. या तिघांचा क्रम कसा कळला माहीत आहे? माढरिपुतानं वासिठीपुताची जुनी नाणी घेऊन त्यावरच आपला ठसा मारला, आणि गोतमिपुतानं त्या दोघांच्या नाण्यांवर आपला मारला. काही नाण्यांवर खालचं जुनं अक्षर वरच्या नव्या अक्षरातनं डोकावतं. तेवढ्यावरनं कोण आधी कोण नंतर ते ठरलं. वंशावळ नाही, ताम्रपट नाही, नुसता ठशावर ठसा.

करवीरकर

लई भारी माहिती भावा. ब्रह्मपुरीवर लहानपणी पतंग उडवलेत, पायाखाली काय हाय कुणी सांगितलंच न्हाई.

व्याकरणाचा_नाद

मूढ या शब्दाकडं कुणीच वळलं नाही अजून. मला ढ चा माग तिथं लागतो.

संस्कृतात मुह् धातू आहे, अर्थ गोंधळणं, भान हरपणं. त्याचं भूतकाळवाचक रूप दोन तऱ्हेनं होतं, मूढ आणि मुग्ध. पाणिनीनं मुह्, द्रुह् वगैरे चार धातूंसाठी मुद्दाम पर्याय दिलाय (८.२.३३). एका वाटेनं ह चा घ होऊन मुग्ध, दुसऱ्या वाटेनं ह चा ढ होऊन मूढ. दोघं सख्खे भाऊ. एकच धातू, एकच प्रत्यय, एकच अर्थ. आणि मराठीत येईपर्यंत एक गेला कवितेत, मुग्ध हसू, मुग्ध बालिका, मंत्रमुग्ध. आणि दुसरा गेला शिव्यांच्या पोत्यात.

हे ह चं ढ होणं संस्कृतात ठिकठिकाणी दिसतं. रुह् चं रूढ, लिह् चं लीढ, वह् चं ऊढ आणि त्याला प्र लागून प्रौढ. म्हणजे प्रौढ आणि मूढ यांच्यातला ढ एकाच कारखान्यातला आहे.

माझा अंदाज असा की शाळेत संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा 'मूढ' म्हणायचे, आणि पोरांच्या तोंडी त्यातला जोरात वाजणारा तेवढा ढ राहिला. पुराव्यानं शाबित नाही, पण पंचगंगेकाठच्या भावाचं 'पाटीचा शब्द' हे म्हणणं याच्याशी जुळतं. शिकवणारा मूढ म्हणतो, ऐकणारा ढ ऐकतो, आणि समोर भिंतीवर मुळाक्षरांच्या तक्त्यात तेच अक्षर टांगलेलं असतं, चौदावं व्यंजन.

शिरोळची_माई

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे, प्राथमिकला नोकरी झाली सगळी. हा धागा वाचताना अक्षरांची माहिती फार आवडली पण मला दुसरं काही सांगायचं आहे आणि ते थोडं लांबेल, चालवून घ्या.

आमच्या वेळी बऱ्याच शाळांत मार्कांवरनं तुकड्या पाडायचे. अ तुकडी हुशारांची, मग ब, मग क, मग ड. ड मधल्या पोरांना बाकीची पोरं ढ तुकडी म्हणायची. एकदा ड मध्ये गेलेलं पोर परत वर येणं फार अवघड, कारण ड तुकडीला चांगला मास्तर द्यायचाच नाही असा एका शाळेत रिवाजच होता. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा मी नवी म्हणून मला ड दिली. माझ्या वर्गात एक मुलगा होता, फळ्यावरचं उतरवून घेताना ब आणि व, प आणि ष उलटेपालटे करायचा, ओळ सोडून खालच्या ओळीवर जायचा. बाजारात बापाच्या भाजीच्या पाटीशेजारी बसला की पावशेर-अर्धा किलोचे हिशोब तोंडानं करायचा, सुट्टे पैसे परत द्यायला डोळे वर करायचा नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकावर आधीच्या बाईंनी लाल शाईनं एकच अक्षर लिहिलं होतं. कुठलं ते तुम्हाला कळलं असेल.

आज आपण त्याला अध्ययन अक्षमता म्हणतो, वाचनाची अडचण म्हणतो, त्यावर वेगळं शिकवायच्या पद्धती आहेत, परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो. तेव्हा आमच्याकडं त्याला एकच शब्द होता. म्हणून मला या शब्दाचा राग आहे. तो पोराचं वर्णन करत नाही, तो शिकवणाऱ्याचं काम संपवून टाकतो. एकदा ढ म्हटलं की पुढं का, कशामुळं, काय करूया हे प्रश्नच उरत नाहीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, मुलाला शारीरिक शिक्षा तर नाहीच पण मानसिक छळही करायचा नाही. वर्गात उभं करून ढ म्हणणं यात बसतं असं मी आमच्या प्रशिक्षणात नव्या शिक्षकांना सांगायची. काहींना ते फार वाटायचं. "बाई, आम्हाला पण म्हणायचे, आमचं काय बिघडलं?" ज्यांचं बिघडलं ते शिक्षक व्हायला आलेच नाहीत ना, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

आणि 'जड' शब्दावरनं आठवलं. जडभरताची गोष्ट भागवतात आहे. सगळे त्याला मठ्ठ, बावळट समजायचे, राजा रहूगणाच्या पालखीला भोई कमी पडला म्हणून त्याला धरून जुंपलं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो जपून पावलं टाकायचा, पालखी हिंदकळायची, राजा चिडून टाकून बोलला. मग तो बोलायला लागला आणि राजा पालखीतनं उतरून त्याच्या पाया पडला. ही कथा मी दरवर्षी सांगायची, ड तुकडीला तर हमखास.

पंचगंगेकाठचा

माई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शब्दाचं मूळ शोधणं आणि तो वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी पहिली करतोय, पण दुसरीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. 'तो शिकवणाऱ्याचं काम संपवून टाकतो' हे वाक्य तर शिक्षकांच्या खोलीत लावायला पाहिजे.

व्याकरणवाले, मूढ-मुग्ध मस्तच. पण मूढ मराठीत बोलण्यात कधी फार नव्हता, अभंगात, पोथीत होता. त्यामुळं शास्त्रीबुवांच्या तोंडनं पोरांपर्यंत येणं शक्य आहे. लिपीवेडी ताईंचं आवाजाचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं दोन्ही एकत्र नांदू शकतात. मूढ मधनं ढ सुटला आणि आवाज जड म्हणून टिकला.

गुऱ्हाळवाला

ढ चं चाललंय ते चालू दे, मला मठ्ठ बद्दल लिवायचं हाय. तुम्ही सगळे मठ्ठ म्हणजे वाईट असं धरून चाललाय. तसं न्हाई.

बैलांत दोन जाती धरतात आमच्यात, गरम आणि थंड. गरम बैल म्हणजे पराणी (टोचायची काठी) नुसती दिसली तरी उडतो, शर्यतीला बेस्ट, पण गाडी रिकामी असली की आवरत न्हाई. थंड बैल बोलावल्याशिवाय हलत न्हाई. आणि थंडाच्या पलीकडचा तो मठ्ठ, त्याला आसूड लागला तरी कातडी थरथरत न्हाई. खिलार बहुतेक गरमच. आमचे आजोबा लाकडी चरकाच्या दिवसातले, तवा इंजिन न्हवतं, बैल चरकाभोवती गोल फिरायचे आणि मधल्या लाटांतनं ऊस निघायचा. ते सांगायचे, चरकाला गरम बैल जुपला की घात झाला. तो धावतो, ऊस सरकवणाऱ्याचं बोट लाटंत जायची भीती. चरकाला मठ्ठ बैल लागतो. एका चालीनं फिरतो, तासन् तास, डोळ्याला झापड लावली की काम फत्ते. मठ्ठ बैलाला गिऱ्हाईक होतं बाजारात, मठ्ठ हाय म्हणून सांगून इकायचे, लपवायचे न्हाईत.

आता चरकाला मोटार हाय, बैल न्हाई, म्हणून मठ्ठ ही नुसती शिवी उरली.

व्याकरणाचा_नाद

गुऱ्हाळवाले दादा, सोन्यासारखी माहिती. प्राकृतात 'मट्ठ' हा शब्द आळशी, मंद याच अर्थानं आहे, आणि हिंदीतही सुस्त माणसाला मट्ठर म्हणतात. म्हणजे हा शब्द संस्कृतातनं शाळेमार्गे आलेला नाही, तो प्राकृतातनं शेतामार्गे आलेला आहे. पंचगंगेकाठच्या भावानं पाटी आणि शेत अशी जी वाटणी केली ती इथं पक्की होते.

आणि मंडळी हे ऐका, मोठ्यांदा म्हणून बघा: मठ्ठ, मख्ख, मद्दड, बथ्थड, ठप्प, ढब्बू, ढिम्म. सगळ्यांत अक्षर दुहेरी झालंय. जीभ तिथं अडते, थांबते, मग सुटते. तल्लख मध्येही दुहेरी ल आहे पण तो घसरतो, अडत नाही.

सौदा_बाजार

मंद राहिला की सगळा. आमच्या धंद्यातला शब्द.

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे सौदे होतात ते ज्यांनी बघितलेत त्यांना माहीत आहे, रव्यांच्या थप्प्या लावलेल्या, व्यापारी घोळक्यानं एका थप्पीवरनं दुसरीकडं. (बाहेरचे लोक गुळाची ढेप म्हणतात, आम्ही रवा म्हणतो, रव्याचा उपमा डोक्यात आणू नका.) दर चढला की तेजी, पडला की मंदी. मंदी म्हणजे मंद ला ई लावलेली, एवढं सरळ. तेजी तेज वरनं. पण मंदी मध्ये बाजार बंद नसतो, हे लक्षात घ्या. बोली लागते, माल उठतो, पण सावकाश, नाखुशीनं. अगदीच कुणी बोली लावेना तर म्हणतात बाजार थंड. मंद आणि थंड यात एवढा फरक आहे आणि तो रोजच्या रोज वापरला जातो.

घरात मात्र मंद म्हणत नाही कुणी. पुस्तकात लिहितात 'मंद आचेवर ठेवा', आमची आई म्हणते "गॅस बारीक कर". पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध घातलं की बारीक गॅसच पाहिजे, मोठा झाला आणि खळाखळा उकळला की दूध फुटतं, वर दाणे दाणे दिसतात आणि खाली पाणी. मग तो रस्सा पाहुण्यासमोर जात नाही.

लिपीवेडी

मंद वरनं शनी. शनीला मंद हे जुनं नाव आहे कारण डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत तो सगळ्यात हळू. सूर्याभोवती एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं घेतो. बारा राशींत वाटली की एकेका राशीत साधारण अडीच वर्षं, आणि तीन राशींची मिळून साडेसाती. शनैश्चर म्हणजे शनैः चर, सावकाश चालणारा. जुन्या मराठी पत्रांच्या तारखांत शनिवारला 'मंदवासर' लिहिलेलं सापडतं, जसं मंगळवारला भौमवासर, सोमवारला इंदुवासर.

आधी फक्त चाल हळू होती. मग तो चालीचा शब्द माणसाच्या बुद्धीला चिकटून मंदबुद्धी झाला, मतिमंद झाला. सरकारी कागदातनं मतिमंद आता जातोय, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यापासनं बौद्धिक दिव्यांगत्व असा शब्द वापरतात. चांगलं झालं. मंद वाऱ्याचा, मंद प्रकाशाचा शब्द लेकरांच्या अंगावर फेकायला नको होता.

नागपूरहून_सहज

वाचतोय कधीपासून, छान चाललंय. एक विचारायचं होतं. तुम्ही कोल्हापूरवाले 'नादखुळा' म्हणता ते कौतुक ना? मग खुळा म्हणजे ढ की वेडा की भारी?

करवीरकर

खुळा म्हणजे वेडा, ढ न्हाई. "खुळा झालास काय" म्हणजे डोकं फिरलंय का. खुळ्यागत म्हणजे विचार न करता. नादखुळा म्हणजे एखाद्या नादापायी खुळा झालेला, मग तो कुस्तीचा नाद असू दे, फुटबॉलचा असू दे. त्यातनं पुढं कुठलीबी भारी गोष्ट नादखुळा झाली. बाकी 'येडं' पण आहे, ते लाडात चालतंय, आई पोराला म्हणती. ढ कुणी लाडात म्हणत न्हाई बघा. म्हणून माईंचं बरोबर हाय.

शिरोळची_माई

हे निरीक्षण फार नेमकं आहे करवीरकर. येड्या, खुळ्या, बावळ्या, ठोंब्या सगळ्यांना संबोधन आहे, हाक मारता येते, आणि हाकेत माया घालता येते. ढ ला हाक मारता येत नाही. 'अरे ढ' म्हटलं तरी ते बोट दाखवणंच राहतं.

सौदा_बाजार

ढब्बू ला येते की माया माई. ढब्बू म्हणजे जुना जाडा तांब्याचा पैसा, दोन पैशांचा. त्यावरनं जाड गुबगुबीत पोराला ढब्बू, आणि ढबू मिरची पण. आमच्या धाकट्याला सगळी गल्ली ढब्बू म्हणायची, आता तो फुटबॉलला गोलकीपर आहे तरी नाव तेच.

पंचगंगेकाठचा

लिपीवेडी ताई, जुनं नाणं दादा, एक विनंती आहे. वासिठीपुत मधला ठ आणि माढरिपुत मधला ढ असा एक तक्ता करून इथं लावाल का? अशोकाचा, आपल्या नाण्यावरचा आणि आजचा. माई म्हणतात तसं कुणा पोराच्या पुस्तकावर लाल शाईनं लिहिण्यापेक्षा ते अक्षर मुलांना या तऱ्हेनं दाखवलेलं बरं. आमच्या भागातल्या एका वाचनालयात सुट्टीत मुलं येतात, तिथं लावायचा विचार आहे.

लिपीवेडी

आनंदानं करते. हातानं काढीन, फॉन्टमधला ढ फार गुळगुळीत दिसतो. दादा, नाण्याचं स्पष्ट चित्र तेवढं द्या.

जुनं_नाणं

देतो, माढरिपुताचं दोन प्रतींचं देतो, कारण एकावर अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळं पूर्ण ओळ एका नाण्यावर क्वचित बसते, दोन-तीन नाणी जुळवून वाचावी लागते. काढताना ताई एवढं बघा, लेख गोल फिरतो, त्यामुळं ढ सरळ उभा दिसणार नाही. धनुष्य धरून वाचू नका, नाणं फिरवत जा. 'मा' सापडला की पुढचं अक्षर तेच.